युरोपात एलएलएम करायचंय, विषय जीआय: म्युनिक, ब्रसेल्स, लंडन की ट्यूरिन? (सांगली)

वारणाकाठ

नमस्कार मंडळी,

मी मूळची हरिपूरची. पुण्यात पाच वर्षांचा लॉ केला आणि आता सांगलीत एका ज्येष्ठ वकिलांकडे ज्युनिअर आहे. ऑफिसचं काम बहुतेक दिवाणी: वाटपाचे दावे, मनाई अर्ज, अधूनमधून १३८ च्या, म्हणजे चेक न वटल्याच्या केसेस. काम आवडतं, सिनिअर मनापासून शिकवतात. पण कॉलेजपासून एक विषय डोक्यात घर करून बसलाय, तो म्हणजे भौगोलिक मानांकन. जीआय. एखाद्या भागाचं नाव त्याच भागातल्या मालाला वापरता यावं, यासाठीचं कायद्याचं संरक्षण.

त्याला कारण आपला जिल्हाच. बेदाण्याला २०१६ मध्ये जीआय मिळालं, हळदीला २०१८ मध्ये, मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये. बातम्या आल्या, सत्कार झाले. पुढे काय? मध्यंतरी तासगावकडचे एक बेदाणा उत्पादक आमच्या ऑफिसात आले. सोबत एक रिकामं खोकं आणलं होतं. त्यावर ठळक अक्षरांत सांगलीचं नाव आणि आतला माल दुसऱ्याच राज्यातला, असं त्यांचं म्हणणं. सिनिअरनी खोकं उलटंपालटं करून पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्ही स्वतः अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेले आहात का?" नव्हते. जीआय कायद्याच्या कलम २१ प्रमाणे दाद मागायचा हक्क नोंदणीकृत मालकाला, म्हणजे जीआय ज्या संस्थेच्या नावावर आहे तिला, आणि अधिकृत वापरकर्त्याला. ज्याच्या शेडवर बेदाणा तयार होतो, त्याचं नाव चेन्नईच्या जीआय कार्यालयातल्या नोंदवहीत नसेल तर तो नुसता बघत राहतो. तो माणूस खोकं काखेत मारून परत गेला, ते मला अजून सहन होत नाही.

हळदीचं अमेरिकन पेटंट आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं लढून १९९७ मध्ये रद्द करून घेतलं, ही हकीगत आम्हाला लॉला प्रत्येक वर्षी ऐकवली गेली. पण आपल्या मालाचं नाव परदेशी बाजारात राखायचं कसं, हे कुणी शिकवलं नाही. तेच शिकायला एलएलएम, म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवी, करायला जायचंय.

यादी अशी आहे: म्युनिकचं एमआयपीएलसी हे बौद्धिक संपदा कायद्याचं केंद्र, ल्यूव्हेन विद्यापीठाचा ब्रसेल्समधला बौद्धिक संपदा आणि आयसीटी (माहिती-तंत्रज्ञान) कायद्याचा अभ्यासक्रम, लंडनचं क्वीन मेरी, आणि ट्यूरिन विद्यापीठाने वायपोबरोबर (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेबरोबर) चालवलेला एलएलएम. घरची द्राक्षबाग आहे, पण रोख पैसा नाही. कर्ज काढावं लागणार. परत यायचंय हे नक्की. कृपया अनुभव आणि सल्ला द्या.

—

कऱ्हाडचा मल्हार

ताई, स्पष्ट सांगतो. मुंबईतल्या मोठ्या फर्ममध्ये बसलेला माणूस तुमच्या प्रबंधाचा विषय वाचत नाही, विद्यापीठाचं नाव वाचतो. केंब्रिज, ऑक्सफर्ड, लंडनचं एलएसई यांना अर्ज करा आणि नाही झालं तरच बाकीच्यांकडे बघा. केंब्रिजचा एलएलएम तर नऊ महिन्यांत संपतो. ऑक्सफर्डला बीसीएल आहे, नाव बॅचलरचं असलं तरी पदव्युत्तर पदवी आहे आणि कॉमन लॉ, म्हणजे आपल्यासारखी निवाड्यांवर चालणारी इंग्रजी पद्धत, शिकलेल्यांसाठीच आहे. ट्यूरिनचं नाव सांगितलं तर समोरचा विचारेल, हे कुठे आलं?

—

अजिंक्यतारा

वारणाकाठ, तू माझ्या मुलीच्या वयाची आहेस म्हणून एकेरीत लिहितो. साताऱ्यात माझी वकिली तीस वर्षांच्या पुढे गेली.

मल्हार म्हणतात ते मुंबईच्या फर्मपुरतं खरं आहे. पण तुला तिथे जायचंय असं तू कुठेच लिहिलेलं नाहीस. आधी ठरव की पदवी घेऊन कुठे उभं राहायचं. इथे वकिली करायची असेल तर सनद तुझ्याकडे आहेच, एलएलएमने तिच्यात काही वाढ होत नाही. वाढ होते ती तुझ्या तयारीत. म्हणून विषय पक्का शिकवणारी जागा शोध, नावामागे धावू नकोस.

शिकवायचं असेल तर मात्र सावध. बार कौन्सिलने पदव्युत्तर कायदा शिक्षणाचे नियम २०२० मध्ये काढले आणि त्यांत परदेशातल्या एक वर्षाच्या एलएलएमला आपल्या एलएलएमच्या बरोबरीचं मानायला हरकत घेतली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. लॉ कॉलेजात प्राध्यापक व्हायचा विचार मनात असेल तर आजची स्थिती बार कौन्सिलकडून लेखी घेतल्याशिवाय एक रुपया भरू नकोस.

आणि तिथेच राहून वकिली करायची तर नुसत्या एलएलएमवर युरोपात कुणी कोर्टात उभं करत नाही. त्या त्या देशाची परीक्षा, त्या देशाची भाषा. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर व्हायचं असेल तर २०२१ पासून एसक्यूई ही परीक्षा आहे, तिला एलएलएम लागतच नाही. आपले वकील इथे बसून तयारी करतात आणि देतात. हे न कळल्यामुळे कितीतरी मुलं भलत्या कारणासाठी एलएलएमला पैसा घालतात, मला त्याचं फार वाईट वाटतं.

तू परत येणार म्हणतेस ते मला मोलाचं वाटतं. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, सातारा-सांगलीची हायकोर्टाची कामं आता तिथे चालतात. पूर्वी अशा विषयाचा वकील मुंबईतच सापडायचा, कारण कोर्टच तिथे होतं. आता सांगलीत राहून हायकोर्टाची वकिली करता येते. तुझ्या त्या बेदाणेवाल्यासारखे पक्षकार मुंबईत नाहीत, ते तासगाव, कवठेमहांकाळ, महाबळेश्वर, कोरेगावात आहेत. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला आणि कोरेगावच्या वाघ्या घेवड्यालाही मानांकन आहे. त्यांच्यासाठी आपल्याकडे तयार वकील किती?

—

कऱ्हाडचा मल्हार

काका, पटलं. परत येऊन जिल्ह्यातच काम करायचं असेल तर माझा सल्ला लागू नाही. पण ताई, चार वर्षांनी मत बदलून मुंबई-दिल्लीला जावंसं वाटलं तर नावाचा उपयोग होतो, एवढं ध्यानात ठेवा.

—

इसारकाठचा मिरजकर

मी म्युनिकला बौद्धिक संपदा कायदा शिकलो आणि आता पुण्यात याच क्षेत्रात आहे. सविस्तर लिहितो, कारण ही निवड करताना मला सांगणारं कुणी नव्हतं.

एमआयपीएलसी हे माक्स प्लांक संस्था, आउग्सबुर्ग विद्यापीठ, म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठ आणि अमेरिकेतलं जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठ यांनी मिळून उभं केलेलं केंद्र. शिक्षण इंग्रजीत. युरोपीय पेटंट कार्यालयाचं मुख्यालय त्याच शहरात, आणि जून २०२३ मध्ये सुरू झालेल्या एकत्रित पेटंट न्यायालयाचं कामही तिथे चालतं. माक्स प्लांकचं ग्रंथालय या विषयात जगातल्या मोठ्या ग्रंथालयांपैकी एक आहे. कुठल्याही देशाचा ट्रेडमार्क कायदा हवा असेल तर त्या देशाचं कपाट गाठायचं. पहिल्यांदा भारताचं कपाट उघडलं तेव्हा आपल्याकडच्या कॉलेजात कधी न दिसलेली आपलीच पुस्तकं तिथे ओळीने लावलेली दिसली. अभ्यासाला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

तरीही तुम्हाला म्युनिक पहिलं सुचवणार नाही. तिथला भर पेटंट आणि स्पर्धा कायद्यावर आहे. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या बाजूने आलेल्यांना ते सोन्यासारखं. तुमचा जीव ज्या विषयात आहे तो तिथे अभ्यासक्रमाचा छोटा भाग. प्रबंध जीआयवर करता येईल, पण वर्ग बहुतेक वेळ दुसरीकडे जाईल.

तुमच्या यादीत नसलेलं एक नाव सांगतो: स्पेनमधलं आलिकान्ते. युरोपीय संघाचं बौद्धिक संपदा कार्यालय, म्हणजे ईयूआयपीओ, त्या शहरात आहे आणि तिथल्या विद्यापीठाचा मागिस्तेर लुसेंतिनूस हा अभ्यासक्रम बौद्धिक संपदेसाठी जुना आणि नावाजलेला. आता हे महत्त्वाचं का, ते नीट वाचा. युरोपीय संघात जीआय आजवर शेतमाल, अन्न आणि मद्यापुरतं होतं. हस्तकला आणि औद्योगिक वस्तूंसाठी संघपातळीवर कायदाच नव्हता. तो २०२३ मध्ये झाला आणि १ डिसेंबर २०२५ पासून अर्ज घेणं सुरू झालं. हे अर्ज येतात ते आलिकान्तेच्या कार्यालयात, आणि संघाबाहेरच्या देशातल्या उत्पादकांनाही ते करता येतात, फक्त मूळ देशात त्या नावाला संरक्षण असलं पाहिजे.

मी मिरजेचा. आमच्या गल्लीत तंबोऱ्याचे भोपळे वाळत घातलेले बघत मी मोठा झालो. त्या तंबोऱ्याला भारतात मानांकन आहे, म्हणजे युरोपात अर्ज करायची पहिली अट पुरी झालेली आहे. अर्ज कोण लिहिणार? उत्पादनाचं वर्णन, भूभागाशी असलेला संबंध, तपासणीची यंत्रणा हे सगळं त्यांच्या पद्धतीने मांडावं लागतं. हे काम शिकून आलेला माणूस आपल्या जिल्ह्यात हवाय आणि तो तुमच्यासारखा असावा असं मला मनापासून वाटतं.

हळद आणि बेदाण्याचा रस्ता वेगळा. शेतमालाचे अर्ज ब्रसेल्सला युरोपीय आयोगाकडे जातात. दार्जिलिंग चहाची नोंद तिथे २०११ मध्ये झाली, तोच आपला धडा. शिवाय भारत आणि युरोपीय संघाच्या व्यापार वाटाघाटी २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाल्या तेव्हा जीआयचा स्वतंत्र करारही चर्चेला घेतला गेला. म्हणून ब्रसेल्समधला अभ्यासक्रम यादीतून काढू नका. तिथली फी ब्रिटनपेक्षा बरीच कमी असते, वर्ष ६० क्रेडिटचं असतं आणि आयोगाच्या दारात राहून शिकता येतं.

एक इशारा. स्पेन-इटलीत मास्टर या एकाच नावाखाली दोन जातीच्या पदव्या असतात: एक सरकारमान्य, दुसरी विद्यापीठाने स्वतःच्या अधिकारात दिलेली. वकिलीला दोन्ही चालतात. पुढे पीएचडी किंवा अध्यापन करायचं असेल तर फरक पडतो. अर्ज करण्याआधी विद्यापीठाला ईमेल करून तुमच्या अभ्यासक्रमाची पदवी कुठल्या जातीची ते विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

—

विट्याची मीना

मी लंडनला असते. क्वीन मेरीबद्दल विचारलंय म्हणून. त्यांचं व्यापारी कायदा अभ्यास केंद्र १९८० पासूनचं, बौद्धिक संपदेला तिथे वजन आहे. मुख्य फायदा असा की पद्धत कॉमन लॉची. इथला पासिंग ऑफचा, म्हणजे दुसऱ्याच्या नावावर माल खपवण्याविरुद्धचा निवाडा आपल्या कोर्टात जसाच्या तसा वाचून दाखवता येतो. जर्मन निवाड्याचं तसं होत नाही.

तोटा पैशाचा. फी आणि लंडनचं भाडं मिळून आकडा पाहिला की घरातले गप्प होतात. शिक्षणानंतर राहायचा ग्रॅज्युएट व्हिसा आजवर दोन वर्षांचा होता, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो १८ महिन्यांचाच मिळणार. राहून कर्ज फेडायचा विचार असेल तर हे धरून चाला. आयर्लंडमध्ये मास्टर्सनंतर दोन वर्षं राहता येतं, पद्धत कॉमन लॉची आणि देश युरोपीय संघात, तेव्हा डब्लिनही बघून ठेवा. नेदरलँड्समध्ये नोकरी शोधायला एक वर्ष देतात, पण तिथे खोली मिळवणं हेच मोठं काम होऊन बसलंय.

—

वारणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मिरजकर दादा, आलिकान्तेचं मला अजिबात माहीत नव्हतं. ते हस्तकलेच्या जीआयचं वाचून रात्री बराच वेळ तो नियमच वाचत बसले.

ट्यूरिनबद्दल कुणी सांगेल का? आणि शिष्यवृत्ती?

—

माहुली

ट्यूरिनचा अभ्यासक्रम वायपोच्या अकादमीबरोबरचा आहे. सुरुवातीचा भाग ऑनलाइन, नंतर ट्यूरिनला वर्ग, मग शोधनिबंध. म्हणजे परदेशात राहायचा काळ कमी आणि खर्चही त्यामानाने कमी. शिकवायला वेगवेगळ्या देशांतले प्राध्यापक आणि वायपोचे अधिकारी येतात, विकसनशील देशांतल्या काही विद्यार्थ्यांना मदतही देतात. वकिली सुरू ठेवून करण्यासारखा हाच. मात्र पदवीची जात विचारून घ्या, वर मिरजकरांनी म्हटलंय तसं.

शिष्यवृत्तीचं एक गणित बहुतेकांना उशिरा कळतं. आपल्या राज्य सरकारची अनुसूचित जातींसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठीची सारथीची योजना, इतर मागास वर्गासाठीची योजना, सगळ्यांत जागतिक क्रमवारीची अट असते. तुमची पसंती विषयावर, योजनेची पसंती क्रमांकावर. म्युनिकच्या केंद्रासारखी अनेक संस्थांनी मिळून चालवलेली ठिकाणं त्या क्रमवारीत स्वतंत्रपणे येतच नाहीत. त्यामुळे ज्यांना या योजनांचा लाभ घ्यायचाय त्यांनी आधी त्या वर्षीची जाहिरात वाचावी, मग विद्यापीठांची यादी करावी. उलट केलं की प्रवेश हातात आणि शिष्यवृत्ती गेलेली, असं होतं. ल्यूव्हेन मोठं विद्यापीठ आहे, तिथे ही अडचण सहसा येत नाही.

ब्रिटनसाठी तिथल्या सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती आहे. दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी परतायची अट असते. वारणाकाठ, तुम्हाला परत यायचंच आहे, तर ही अट तुमच्या बाजूचीच. युरोपभर फिरून शिकायचं असेल तर कायदा आणि अर्थशास्त्र यांचा ईएमएलई हा संयुक्त अभ्यासक्रमही बघा. हँबुर्ग, रॉटरडॅम अशी विद्यापीठं त्यात आहेत आणि मुंबईची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थाही त्यात भागीदार राहिलेली आहे. मात्र त्यात अर्थशास्त्र जड आहे.

आणि एक सांगायचंय. साताऱ्याच्या ज्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेबांचं नाव दाखल झालं, तिच्यासमोरून मी रोज जाते. सयाजीराव महाराजांनी दिलेली शिष्यवृत्ती, शाहू महाराजांनी केलेली मदत आणि नंतर लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर. परदेशात कायदा शिकायला गेलेल्या माणसामागे पैसा उभा करणं ही या भागाची जुनी रीत आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज करताना कुणीही संकोचू नये.

—

गावभाग

मी बँकेत शैक्षणिक कर्जाचं काम पाहतो. वारणाकाठ ताईंनी द्राक्षबागेचा उल्लेख केलाय म्हणून तातडीने लिहितो.

साडेसात लाखांपर्यंतचं कर्ज तारणाशिवाय होतं. त्याच्या वर बहुतेक ठिकाणी तारण मागतात आणि शेतजमीन शैक्षणिक कर्जाला सहसा घेत नाहीत. बाग कितीही चांगली असो, सातबारा पुढे केला की साहेब मान हलवतात. बिनशेती प्लॉट, फ्लॅट किंवा घर लागतं. त्याचं मूल्यांकन, वकिलाचा सर्च रिपोर्ट, नकाशाची मंजुरी यांत महिना-दीड महिना सहज जातो. प्रवेशपत्र आल्यावर धावपळ करू नका, आत्ताच कागद काढा.

जर्मनीसाठी आणखी एक गोष्ट. व्हिसाला वर्षाचा खर्च बंद खात्यात आधी भरून दाखवावा लागतो, सध्या ११,९०४ युरो. कर्जात ही रक्कम धरायला सांगा. नाहीतर फी मंजूर होते आणि या पैशासाठी सोनं मोडायची वेळ येते. भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्रही (शैक्षणिक कागद पडताळल्याचं) लागतं, त्यालाही वेळ लागतो. कर्जातून परदेशी पाठवलेल्या फीवर टीसीएस (पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर) कापत नाहीत आणि व्याजाला प्राप्तिकरात आठ वर्षं वजावट मिळते, जुन्या करप्रणालीत असाल तर.

—

वारणाकाठ

गावभाग काका, घर हरिपूरच्या गावठाणात आहे. अजून आजोबांच्या नावावर आहे, ते जाऊन बरीच वर्षं झाली. ग्रामपंचायतीचा नमुना आठ आहे. चालेल का?

इकडे माझं बरंचसं ठरत आलंय. शिकवण्याचा विचार नाही, वकिलीच करायचीय. त्यामुळे आलिकान्ते आणि ब्रसेल्स पहिल्या दोन जागी, ट्यूरिन तिसरं. चेव्हनिंगचा अर्ज करणार, ते मिळालं तरच लंडन. म्युनिक काढून टाकलं.

—

इसारकाठचा मिरजकर

चांगली यादी. उद्दिष्टपत्रात त्या बेदाण्याच्या खोक्याची हकीगत लिहा, जशी इथे लिहिलीत तशीच. "लहानपणापासून कायद्याची आवड" ही वाक्यं निवड समिती शेकड्याने वाचते. शिफारसपत्र सिनिअरांकडूनच घ्या. तुमचा एखादा मसुदा, एखादा युक्तिवाद नावानिशी सांगणारं पत्र मोठ्या माणसाच्या चार गोड ओळींपेक्षा जास्त कामाला येतं. आणि स्पॅनिश आत्तापासून थोडी सुरू करा, वर्ग कुठल्याही भाषेत असो, खोलीचा करारनामा स्पॅनिशमध्येच मिळेल.

—

अजिंक्यतारा

जायच्या आधी एक काम कर. त्या बेदाणेवाल्यांना बोलावून त्यांचा अधिकृत वापरकर्त्याचा अर्ज तुझ्या हाताने भर. फॉर्म जीआय-३. नोंदणीकृत मालक संस्थेकडून कागद घेताना काय अडतं, ते तुला युरोपातल्या कुठल्याही वर्गात कळणार नाही. प्रबंधाला विषयही तिथेच मिळेल. सिनिअरांना माझा नमस्कार सांग, काही लागलं तर व्यक्तिगत निरोप कर.

—

वारणाकाठ

काका, उद्याच फोन करते त्यांना.

—

गावभाग

नुसत्या नमुना आठवर बहुतेक बँका कर्ज देत नाहीत. स्वामित्व योजनेत तुमच्या गावठाणाची ड्रोन मोजणी झालेली असेल तर मिळकत पत्रिका निघते. भूमी अभिलेख कार्यालयात चौकशी करा. त्यावर आजोबांचं नाव लागलेलं असेल तर वारस नोंद करून घ्यावी लागेल, आणि वडिलांना बहीण-भाऊ असतील तर तारणाला त्या सगळ्यांच्या सह्या लागतील. आत्यांशी आत्ताच बोला. तुम्ही वकील आहात, वारसाचा अर्ज तुम्हीच लिहा आणि या आठवड्यात देऊन टाका.